चहात आलं कुणी टाकलं?

आजचा भाग चहाचा आहे, त्यामुळे हातात कप नसेल तर पॉज करा, गॅसवर आधण ठेवून या. मी थांबतो.

आलात? चला.

मसाला चहाबद्दल आपल्या फोनवर दोन प्रकारचे फॉरवर्ड फिरत असतात. पहिला म्हणतो, मसाला चहा पाच हजार वर्षं जुना आहे, कुठल्याशा राजाच्या मुदपाकखान्यात वैद्यांनी तो शोधला. दुसरा म्हणतो, चहा ही इंग्रजांनी आपल्याला लावलेली सवय, त्याआधी आपण दूध-ताक पिऊन ठणठणीत होतो. दोन्ही फॉरवर्ड ठाम असतात आणि दोन्हींमध्ये एकेक चमचा खरं असतं. ते खरं किती आणि कुठलं, ते बघू. मग मसाल्यावरून कपावर येऊ. कारण महाराष्ट्रात चहाचा इतिहास वाचायला लागलं की लक्षात येतं, आपल्याकडे चहात काय घातलंय यापेक्षा तो कुणाच्या हातचा आहे आणि कुणाच्या कपात आहे यावरच जास्त भांडणं झाली.

सुरुवात सुरतेपासून. १६८९ साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री सुरतेच्या प्रवासाला निघाला. ज्या वर्षी संभाजी महाराजांची हत्या झाली, तेच हे वर्ष. पुढे १६९६ मध्ये त्याने लंडनला प्रवासवर्णन छापलं. त्यात तो सांगतो की इथे चहा युरोपियनही पितात आणि स्थानिक लोकही. पाण्यात काही उष्ण मसाले घालून उकळलेला चहा डोकेदुखीवर, मुतखड्यावर, पोटात येणाऱ्या मुरड्यावर गुणकारी मानतात. सोबत खडीसाखर घेतात, आणि जास्त शौकीन असतील ते मुरवलेली छोटी लिंबं.

म्हणजे चहा, मसाला, साखर आणि उकळणं या चारही गोष्टी सतराव्या शतकाच्या शेवटी सुरतेत हजर आहेत. आणि सुरत नाशिककरांना काही परकी नाही. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली, त्यानंतर परतताना मोगलांशी मोठी लढाई झाली ती आपल्या वणी-दिंडोरीच्या मुलखात.

पण या यादीत काय नाही ते बघा. दूध नाही. आणि हा चहा रोज सकाळी घ्यायचा चहाही नाही, हे औषध आहे. पत्ती थेट चीनमधून जहाजाने यायची, बंदरातल्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचायची, आत खेड्यात कुणाला तिचं नावही ठाऊक नसणार. मसाला मात्र आधीपासून घरात होता. सुंठ, मिरी, लवंग घालून काढा करणं आपल्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या डोक्यात चित्र असं येतं की आपण चहात मसाला टाकलाच नाही. काढ्याचं पातेलं चुलीवर होतंच, त्यात एक परदेशी पान येऊन पडलं.

यानंतर साधारण एकशे तीस वर्षं उडी मारू. १८२३ मध्ये आसामात रॉबर्ट ब्रूसला सिंगफो लोकांकडे चहाची झाडं दिसली. त्या लोकांना ती अर्थातच आधीपासून माहीत होती, त्यामुळे 'शोध' हा शब्द मी वापरत नाही. १८३८ मध्ये आसामचा चहा पहिल्यांदा लंडनला रवाना झाला, पुढच्या वर्षी तिथे त्याचा लिलाव झाला. मग मळे वाढत गेले, लांबून मजूर करारावर नेले गेले, त्यांचे हाल झाले, तो एक वेगळाच एपिसोड आहे. आपल्या गोष्टीपुरतं महत्त्वाचं एवढंच की हा सगळा चहा बाहेर जाण्यासाठी होता. पिकवणारे आपण, पिणारे ते.

मग कंपन्यांना आपली आठवण कधी झाली? माल उरायला लागला तेव्हा. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवणारा कायदा झाला. निर्यातीवर थोडा कर घ्यायचा आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार करायचा, अशी योजना. मळेवाल्यांनी स्वतःच ती मागितली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने, खाणी इथे चहाचे स्टॉल लागले. रेल्वे स्टेशनांवर छोट्या कंत्राटदारांना किटल्या, कप आणि चहाची पाकिटं देऊन उभं केलं गेलं. पुढे १९३० च्या दशकातली जागतिक मंदी आली, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा घातल्या, आणि मग प्रचार फारच जोरात सुरू झाला. १९३७ पासून या कामाला इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड असं भारदस्त नाव होतं. त्यांची माणसं गावोगाव गाड्या घेऊन जायची, चहा करून दाखवायची, फुकट पाजायची, काही शहरांत तर घरोघर जायची.

आणि स्टेशनांवर मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पाट्या लागल्या. त्यावर चहा कसा करायचा याची कृती, चित्रांसकट. किटली आधी गरम करा, ताजं पाणी उकळा, माणशी एक चमचा आणि वर किटलीचा एक चमचा पत्ती घाला, पाच मिनिटं झाकून ठेवा, दूध-साखर नंतर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ही पाटी माझ्यासाठी फार ओळखीची आहे. हे डॉक्युमेंटेशन आहे. स्वच्छ, नंबर घातलेलं, चित्रांसकट. आणि युजरने ते वाचलं, मान डोलावली आणि त्याला हवं तेच केलं.

स्टेशनवरच्या चहावाल्यांनी किटली गरम करण्याचा प्रकार सोडून दिला. पत्ती कमी केली, दूध वाढवलं, साखर भरपूर घातली, सगळं एकाच भांड्यात ओतून उकळलं आणि वरून आलं-वेलची टाकली. मार्गदर्शन करायला आलेले लोक वैतागले. त्यांचा राग चवीपेक्षा हिशोबाचा होता. एका कपामागे पत्ती कमी लागली तर पत्ती कमी खपणार! प्रचाराचा सगळा खर्च मसालेवाल्याच्या आणि गवळ्याच्या घरात.

चहावाल्याचं गणित सरळ होतं. पत्ती महाग. आलं स्वस्त आणि घशाला झणका देणारं. पातळ चहाला आलं लागलं की तो 'कडक' वाटतो. साखर आणि दूध असलं की कामावरच्या माणसाला तो कप नुसतं पेय राहत नाही, थोडं पोटही धरतो. आज ज्याला आपण मोठ्या अभिमानाने मसाला चहा म्हणतो, तो बराचसा या काटकसरीतून रोजचा झाला. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट भारी वाटतं.

पुढे यंत्रही आपल्या बाजूने आलं. १९३० मध्ये आसामातल्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी पान चिरडून, फाडून, गोळी वळणारं मशीन केलं. तोच सीटीसी चहा. स्वातंत्र्यानंतर तो सगळीकडे पसरला. मोहरीएवढे दाणे, पटकन रंग सोडणारे, एका किलोत जास्त कप देणारे, दुधात उकळले तरी न हरणारे. आपण घरात 'चहाची पानं' असं कधी म्हणतच नाही, 'चहा पावडर' म्हणतो, ते यामुळेच.

मधल्या काळात विरोधही होता. गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात चहा-कॉफी शरीराला गरजेची नाही असं स्पष्ट म्हटलंय. आणि १९४७ मध्ये चहा बोर्डासाठी अन्नदा मुन्शी यांनी जे पोस्टर केलं, त्यात चरखा घेऊन बसलेली बाई आहे आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही आहे. मार्केटिंगवाले तेव्हाही आजच्याइतकेच चपळ होते.

आता ओट्याकडे येऊ, कारण निम्मे लोक रेसिपीसाठी ऐकतायत हे मला माहितीये.

दोन कपांसाठी सव्वा कप पाणी. त्यात अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून, आणि गवती चहाच्या दोन पाती गाठ मारून. गवती चहा आपल्याकडे कुंडीत नाहीतर मोरीच्या पाण्यावर लावलेला असतो, कुणी मुद्दाम विकत घेत नाही. त्याला लिंबासारखा वास येतो कारण लिंबाच्या सालीत असतं तेच सिट्रल नावाचं द्रव्य त्याच्या पातीत भरपूर असतं. सुरतेच्या शौकिनांची लिंबं आठवतायत? दूध आल्यावर लिंबू बाद झालं, कारण दूध फाटतं. गवती चहाने तो वास दूध न फाडता परत आणला. हा संबंध मी लावलेला आहे, इतिहासकारांनी नाही, पण मला तो आवडतो.

साखर पाण्यातच. पाणी खळखळ उकळू द्या, निदान तीन मिनिटं. घाई करू नका, कारण ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं. कच्चं आलं कोमट दुधात पडलं की ते दुधातल्या केसिनवर तुटून पडतं आणि चहा फाटतो. उकळीत ते निकामी होतं. आधी आलं, मग दूध, हे आईने सांगितलेलं असतं आणि आपल्याला वाटतं ही नुसती पद्धत आहे. मग दोन चमचे पावडर, एक उकळी, मग वेगळं तापवलेलं पाऊण कप दूध. दुधातली प्रथिनं चहातल्या टॅनिनला धरून ठेवतात, म्हणून तुरटपणा उतरतो. वेलची सगळ्यात शेवटी, सालासकट ठेचून, गॅस बंद करून, झाकण ठेवून. आधी टाकली तर वास खिडकीतून शेजाऱ्यांकडे जातो, कपात काही उरत नाही.

थंडीत मी घरचा मसाला वापरतो. सुंठ, वेलची, मिरी, लवंग, दालचिनी, किंचित जायफळ. नाशिकची थंडी ज्यांनी डिसेंबरात पहाटे बाइकवरून खाल्लीये त्यांना मिरी कशासाठी ते सांगायला नको. निफाडचा पारा तर दरवर्षी बातम्यांत असतो. बडीशेप घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण आपण एका पातेल्यात राहू शकत नाही.

निफाडचं नाव निघालंच आहे तर आता दुसऱ्या भागाकडे जाऊ. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, १८४२ सालचा. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. रानडे होते, टिळक होते, पुण्यातले बरेच प्रतिष्ठित लोक होते. शेवटी चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी मान राखायला कप हातात घेतला. मग गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली. ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा ब्राह्मणांनी घेतला! गहजब झाला. ग्रामण्य झालं, म्हणजे या लोकांना जातीबाहेर ठेवण्याची कारवाई. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांचे सुधारक मित्रच त्यांच्यावर नाराज झाले.

एका कप चहासाठी! आज हसू येतं. पण चहा पाण्यात शिजतो, आणि कुणाच्या हातचं शिजलेलं चालतं यावर त्या काळी माणसाची अख्खी जागा ठरत होती. टिळक-रानड्यांना निदान प्रायश्चित्त घेऊन परत आत येता येत होतं. ज्यांच्या हातच्या पाण्याचाच विटाळ मानला जायचा, त्यांच्यासाठी अशी कुठली सोय नव्हती.

कोल्हापूरची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, नसेल तर ऐका. गंगाराम कांबळे हे राजवाड्यावर नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. १९२० च्या आसपास कोल्हापुरात 'सत्यसुधारक हॉटेल' सुरू झालं. मालक महार, चहा त्यांच्या हातचा. अर्थातच गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज फिरायला निघाले की गाडी त्या हॉटेलपुढे थांबवायचे, चहा मागवायचे, सगळ्यांदेखत प्यायचे आणि बरोबरच्या लोकांनाही पाजायचे. छत्रपती पितायत म्हटल्यावर सरदाराने नाही कसं म्हणायचं? मला ही महाराष्ट्राच्या इतिहासातली सगळ्यात हुशार चाल वाटते. भाषण नाही, फर्मान नाही, नुसता चहाचा घोट.

पुण्यातल्या अमृततुल्यांकडेही मी आता याच नजरेने बघतो. ती सुरू करणारी बरीचशी कुटुंबं राजस्थानातून आलेली श्रीमाळी ब्राह्मणांची. पितळी पातेलं, ठेचलेली वेलची, फडक्याने गाळलेला चहा, सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. चव उत्तम, यात वादच नाही. पण पेठांमध्ये ती दुकानं रुजली त्यात करणारा हात कुणाचा आहे याचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

आणि आपलं नाशिक. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे खांद्यावर घेतला. पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. शाळेत हे सगळं आपण देवळाचा इतिहास म्हणून शिकतो. चहाच्या हॉटेलांचा इतिहासही त्याच वर्षांत, त्याच रस्त्यांवर घडत होता, तो पुस्तकात नाही.

तो मला आजोबांकडून कळला. ते निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातले. ते लहान असताना गावात एक हॉटेल होतं. आत मांडणीवर कपबश्या. बाहेर भिंतीला खुंटी, आणि खुंटीला कान तुटलेले दोन-तीन कप. ज्यांना आत बसायची परवानगी नव्हती त्यांनी खुंटीवरचा कप काढायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, पिऊन झाला की स्वतः धुऊन परत अडकवायचा. पैसे तेवढेच. मी तेव्हा कॉलेजात होतो. विचारलं, "आजोबा, आपला कप कुठला?" ते म्हणाले, "आपला खुंटीवरचा." आणि पुढे लगेच पावसाचं काहीतरी बोलायला लागले.

नंतर त्यांना नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी लागली. कॅन्टीनमध्ये एकाच ट्रेमधून सगळ्यांना ग्लास यायचे, याचं त्यांना पहिले काही दिवस फार अप्रूप वाटलं होतं म्हणे. तरीही बाहेरचा चहा ते शक्यतो टाळायचे. घरी मात्र चार वाजता चहा स्वतः करायचे, आलं जरा जास्तच, आणि आलेल्या प्रत्येकाला कपबशीतच द्यायचे. घंटागाडीवरचा माणूस असो की बँकेतले साहेब, सेट तोच. आजी म्हणायची, फुटतील हो कप. ते म्हणायचे, फुटू दे.

राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं सगळ्यांना खुली आहेत असं लिहिलंय, कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. १९५५ च्या अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्यात तर हॉटेलातली भांडी वापरू न देणं हा गुन्हा म्हणून वेगळा नोंदवलाय. म्हणजे खुंटीवरचा कप थेट कायद्यात आला. पण कायदा बोलतो तो सार्वजनिक जागेबद्दल. घरातल्या मांडणीबद्दल त्यात काही नाही.

आता ज्या सोसायट्यांमध्ये आपण राहतो, तिथे सकाळी नऊच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघा. बऱ्याच ग्रिलवर एक स्टीलचा ग्लास किंवा टवका उडालेला मग पालथा घातलेला दिसेल. तो कामाला येणाऱ्या मावशींचा. चहा तोच, आलं तेच, पातेलं तेच, गाळणीही तीच. विचारलं तर उत्तर येतं, "जात वगैरे काही नाही हो, स्वच्छतेसाठी." त्याच मावशी घरातली बाकी सगळी भांडी घासत असतात.

तर या वेळी कॉमेंटऐवजी व्हॉइस नोट पाठवा. तुमच्या घरात, तुमच्या मित्राच्या घरात, ऑफिसच्या पँट्रीत असा वेगळा कप आहे का? कुठे ठेवलेला असतो? कधीपासून? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की त्यांच्या गावच्या हॉटेलात खुंटी होती का, आणि आपला कप आत होता की बाहेर. नावं सांगू नका, गाव आणि साधारण साल सांगा. पुरेशा नोट्स आल्या तर पुढचा भाग माझ्या आवाजात नसेल, तुमच्या असेल.

आणि चहा गार झाला असेल तर परत उकळू नका, कडू होतो. नवीन ठेवा.